आइतवाराच्या मागचा वार

जानरावाची कडब्याची गंजी जळाली त्या दिवशी मी गावात नव्हते. मालेगावला बहिणीकडे गेले होते, तिच्या सुनेची ओटी भरायला. परत आले तर आमच्या दारात शेजारणींचा घोळका, आणि ओसरीवर माझी सून रुख्मिणी पदर तोंडात कोंबून बसलेली. माझा मुलगा सोमाजी घरात नव्हता. त्याला पोलिसांनी अनसिंगच्या ठाण्यावर नेलं होतं.

नुसता कडबा जळाला असता तर गोष्ट गावातच मिटली असती. पण गंजीच्या आडोशाला जानरावाचा राखणदार झोपला होता, तांड्यातला हेमला. अंगात ताप म्हणून बिचारा दिवेलागणीलाच घोंगडी ओढून पडला होता. त्याची बायको सोनीबाई भाकरी घेऊन आली तेव्हा गंजीचा नुसता लाल डोंगर झाला होता. लोकांनी तिला धरून ठेवलं, नाहीतर तीही आत गेली असती.

सोमाजीवर आळ यायला कारण होतं. त्याच हप्त्यात बांधावरून त्याची आणि जानरावाची वाजली होती, आणि आमच्या शहाण्याने चारचौघांत म्हटलं होतं, "तुह्या गंजीले काडीच लावतो थांब." मुलगा तोंडाचा फाटका आहे. ते माझ्यावरच गेलं आहे, मी नाही कुठे म्हणते? पण मी उभ्या जन्मात शंभर घरं तोंडाने जाळली असतील, चुलीशिवाय कुठे काडी लावली नाही.

फौजदाराला हे कोण सांगणार. त्याने सोमाजीला एकच विचारलं, सोमवारी दिवेलागणीला तू कुठे होतास?

ऐकायला किती सोपं. पण ज्याने काही केलं नाही त्याला ती सांज कशाला ध्यानात राहील? रोजच्यासारखी आली, रोजच्यासारखी गेली. सोमाजी मात्र अडखळला नाही. ताडकन म्हणाला, "अनसिंगले होतो. रामकिसनच्या हाटेलात चहा पेत होतो."

फौजदाराने रामकिसनला बोलावलं. तो म्हणाला, "आला होता साहेब, पण सोमवारी नाही, शनिवारी. सोमवारी माझं हाटेल बंद होतं."

झालं. खोटं सापडलं. आणि एकदा खोटं सापडलं की त्या माणसाने पुढे सूर्य उगवतो म्हटलं तरी पोलीस आकाशाकडे बघून खात्री करतात. दुसऱ्या खेपेला सोमाजीने खाली मान घालून सांगितलं, "घरी होतो." काय करत होतास म्हटलं तर गप्प. मारलं तरी गप्प.

मग जमादार आमच्या घरी आला आणि त्याने रुख्मिणीला विचारलं. ती म्हणाली, घरीच होते. जमादाराने लिहून घेतलं, अंगठा घेतला आणि गेला.

हे सगळं मला आल्यावर कळलं. मी गाडी जुंपायला लावली आणि नानाजीला, म्हणजे माझ्या चुलत दिराला, सोबत घेऊन वाशीम गाठलं. तिथले वकील जाणते होते, कागद वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, तुमच्या सुनेच्या जबानीत काय आहे माहीत आहे? नवरा शनिवारी सांजेला घरी होता. शनिवारी तर तो रामकिसनच्या हाटेलात होता, हे रामकिसनच सांगतो. म्हणजे मुलाचं खोटं, सुनेचंही खोटं. आणि गंजी जळाली सोमवारी."

"ते पोरगी शनिवार कायले म्हनल?"

"ते तिला विचारा. पण मी सांगतो, तिच्या साक्षीचा तसाही उपयोग नाही. बायको नवऱ्यासाठी खोटंच बोलणार, असं धरूनच मॅजिस्ट्रेट ऐकतात. इथून केस अकोल्याला सेशन कोर्टात गेली तर मग माझ्या हातात काही नाही. काळं पाणी, किंवा त्याहून वाईट. तुम्ही गावातली पाच मातब्बर माणसं आणा. सोमाजी त्या वेळी मारुतीच्या पारावर बसला होता, आम्ही पाहिला, असं पाचांनी म्हटलं की काम झालं."

"पाह्यला नसला तरी?"

वकिलांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "मी आणा म्हटलं. पुढचं मला सांगू नका."

नानाजी परतताना गाडीत म्हणाला, "वहिनी, पाच काय, पंधरा उभे करतो." आणि केलेही. दोनच दिवसांनी आमच्या अंगणात पाच जण सतरंजीवर बसले, चहा झाला, आणि तालीम सुरू झाली.

नानाजीने सुरुवात केली. "दिवे लागून राह्यले होते. म्या पाह्यलं, सोमाजी पारावर बसून बिडी वढत होता."

दुसऱ्याने तेच म्हटलं. तिसऱ्याने तेच. आमच्या गल्लीतला जगदेव मोठा हौशी. तो म्हणाला, "अन् त्याच्या मुंडाशाचा शेव सुटून खांद्यावर आलता."

"मुंडासं नाही गा," चौथा म्हणाला, "टोपी म्हन. सोमाजी आजकाल टोपीच घालते."

"पन मुंडासं पाह्यल्यासारखं वाटते."

मी म्हटलं, "एक काय ते ठरवा बाप्पा. नाहीतर कोर्टात माह्या पोराच्या डोक्यावर दोन्ही चढवसान."

सगळे हसले. मला राहवेना, मी जगदेवला विचारलं, "काय गा, त्या सोमवारी तुह्या घरी भाकरीसंगं कोरड्यास काय होतं?"

"ते कोनाले ध्यान राह्यते बाई?"

"मुंडाशाचा शेव बरा ध्यानात राह्यला."

पुन्हा हसले. मीही हसले. मुलगा हवालातीत असला की माणूस असल्या गोष्टींनाही हसून घेतो. मनात मात्र काहीतरी टोचलं होतं. ह्या पाचांना सोमाजीची ती सांज इतकी स्वच्छ दिसत होती, आणि खुद्द सोमाजीला ती सांगता येत नव्हती.

तेवढ्यात कुडाच्या पलीकडून रंगूबाई आली. आमची शेजारीण. हिच्या कानावर पडलेलं तांड्यापर्यंत जातं, तेही वाढून. माणसं उठून गेल्यावर ती माझ्याजवळ टेकली आणि हळूच म्हणाली, "मोठ्या बाई, सोमाजी पारावर होता म्हनता तर."

"हो. का?"

"काही नाही. मंग तुमच्या घरात मानूस कोन होता वो?"

"कवा?"

"त्याच सांजेले. जानरावाच्या इकडं बोंब उठली ना, त्याच्या जराशी आंधी. तुमच्या घरी दळन चालू होतं. रुख्मिणी एकटी दळते तवा गळा सोडून ओव्या म्हनते, मी रोज ऐकतो. त्या दिशी जातं फिरून राह्यलं, अन् ओवी एक नाही. वरून मानसाचं हासनं आलं. दार आतून लावलेलं." ती उठली आणि पदर झटकला. "मले काय करायचं म्हना. मी आपली इचारून राह्यली."

विचारून राह्यली म्हणे. मला तिचं तोंड माहीत होतं. हे आज मला विचारलं, उद्या विहिरीवर विचारेल.

मी आत गेले. रुख्मिणी चुलीपुढे होती. पोटाशी होती, सहावा सरून सातवा लागला होता, खाली वाकताना एक हात जमिनीला लावायची. मी दार लावलं.

"त्या सांजेले जात्यावर तुह्यासंगं कोन होतं?"

तिच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. "तेच होते."

"ते कोन?"

"तेच."

"तेच म्हंजे तुहा नवरा?"

तिने मान हलवली आणि रडू लागली. मग तुटक तुटक सगळं सांगितलं. पीठ सरलं होतं. मी मालेगावला, घरात दुसरं बाईमाणूस नाही. ती संध्याकाळची दळायला बसली, आणि दोन मुठी दळून होत नाहीत तोच दम लागून थांबली. तेवढ्यात सोमाजी वावरातून भुकेला आला. तिची ती दशा पाहिली, दार आतून लावलं आणि समोर बसून खुंटा धरला.

"म्या नाही म्हटलं, आत्याबाई. पाय धरले. ते म्हने, माय नाही घरी, कोन पाह्यते? अन् त्याईले दळता कुठं येते? मुठी मुठी दाणे टाकून राह्यले. भरडा निघाला. मले हासू आलं, मंग तेही हासले."

"अन् हे त्या जमादाराले काहून नाही सांगतलं?"

"त्याईनं आन घातली. कोनाले सांगजो नको म्हने. मायले तर बिलकूल नको."

खरं सांगते, पहिल्यांदा माझं टाळकंच फिरलं. माझ्या घरात पुरुष जात्याला बसला! माझे मालक पाण्याचा तांब्याही हाताने घेत नसत, आणि त्यांचा मुलगा दार लावून दळतो. तो समोर असता तर तोच खुंटा उपसून मी त्याच्या पाठीत घातला असता.

आणि मग एकदम सगळं उलगडलं. म्हणून त्याने अनसिंग म्हटलं. म्हणून काय करत होतास विचारल्यावर मार खाल्ला, पण तोंड उघडलं नाही. हेमलाला जाळलं म्हणून फाशी जायची वेळ आली होती, आणि हा गाढव घाबरत होता कशाला, तर लोक बायल्या म्हणतील ह्याला. मी त्याला हसले नसते असं नाही. मीच सगळ्यात आधी हसले असते. ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

"बरं, ते शनिवारचं काय?" मी विचारलं. "कागदावर शनिवार लिहेल हाय."

रुख्मिणी डोळे पुसता पुसता थांबली. "म्या शनिवार नाही म्हटलं."

"मंग काय म्हटलं?"

"आइतवाराच्या मागचा वार म्हटलं."

मी कपाळाला हात लावला. माझा मुलगा सोमवारी झाला म्हणून त्याचं नाव सोमाजी. आमच्या घरात सून नवऱ्याचं नाव घेत नाही, आणि नाव ज्यात येतं तो वारही घेत नाही. बाकीच्या बाया अशा वेळी त्या वाराच्या देवाचं नाव घेऊन त्याचा वार म्हणतात. पण तेही हिला जमत नव्हतं, कारण त्या देवाचं नाव तिच्या सासऱ्याचं. म्हणून लग्न होऊन आली तशी ती आइतवाराच्या मागचा म्हणते. आम्हाला सगळ्यांना कळतं. आइतवार पुढे जातो, त्याच्या मागून येतो तो. जमादार परका माणूस. त्याने मागचा म्हणजे आधीचा धरला आणि शनिवार लिहून टाकला. वर हिला काय लिहिलं ते वाचूनही दाखवलं नाही.

त्या दुपारी मी ओसरीवर एकटी बसून राहिले. पाच साक्षीदार तयार होते. वकील म्हणत होते की पाच पुरे. सोमाजी सुटेल. पण तो पारावर होता असं एकदा कोर्टात शाबीत झालं, की मग घरात दार लावून रुख्मिणीसोबत हसणारा पुरुष कोण? रंगूबाई हे विचारल्याशिवाय राहणार नव्हती, आणि ह्याला उत्तर उरणार नव्हतं. पोरगी सातव्या महिन्यात. उद्या मूल होईल, आणि अख्खं गाव त्याच्या तोंडाकडे बघून तोंडवळा शोधत बसेल. खुद्द सोमाजीने, खरं काय ते माहीत असलेल्या माणसाने, हू की चू करता कामा नये, कारण बोलला तर त्याची सुटका खोटी ठरते.

आणि पाच जणांना नको म्हटलं तर काय उरत होतं? एक बायको, जिच्या शब्दाला किंमत नाही, आणि जी वारसुद्धा सांगू शकत नाही.

मुलगा वाचला की झालं, सून काय दुसरी मिळते, असं म्हणणाऱ्या सासवा मी पाहिल्या आहेत. मी कडक आहे, पण त्यांच्यातली नाही.

सकाळी नानाजीला बोलावून सांगितलं, साक्षी नकोत. तो भडकला.

"वहिनी, डोकं फिरलं का? पोटच्या पोराले काळ्या पान्यावर धाडता?"

"पोराले वाचवतो म्हनून नातवाले बिनबापाचं करू?"

"म्हंजे?"

मी त्याला जात्याचं सांगितलं. तो आधी तोंड वासून बघत राहिला, मग गालातल्या गालात हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. "मंग ते कोर्टात सांगनार? समद्यापुढं?"

"हो."

"सोमाजी जीव देईन वो."

"देऊ दे. घरी येऊन देऊ दे."

अनसिंगच्या ठाण्यावर सोमाजीची भेट झाली तेव्हा त्याचा एक डोळा सुजलेला होता. मी म्हटलं, जात्याचं कळलं. त्याने गजांवरचा हात काढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

"माय, ते नको सांगू. गावात तोंड दाखवता येनार नाही."

"तोंड राह्यलं तर दाखवशीन ना."

"पाराचं ठरलं होतं ना? नानाजीकाका म्हनत होते."

"पारावर तू होता, तर घरात कोन होतं?" मी विचारलं. "दार लावून बायकोसंगं कोन हासत होतं, ते सांग मले. रंगूनं ऐकलं हाय."

त्याने भिंतीकडचं तोंड माझ्याकडे फिरवलं. मग म्हणाला, "सांग. जे सांगाचं ते सांग."

आता राहिली रुख्मिणी. दळणाचं सांगायला ती तयार झाली, पण वाराचं नाव काढलं की मान हलवायची.

"त्याईचं आयुष्य कमी होते, आत्याबाई."

"अवो, तू सांगतली नाही तं त्याले आयुष्यच राह्यनार नाही. मी सांगून राह्यली ना? मी सासू हाय, माह्या परवानगीनं घे."

"तुमी घेतलं का कवा मामंजीचं?"

मालक जाऊन किती वर्षं झाली, अजून माझ्या तोंडून ते नाव निघालेलं नाही. आत्ताही लिहीत नाही. हिला मीच शिकवलं, आणि चांगलं शिकवलं, त्याची मला लाजही नाही. पण कोर्टाच्या पायऱ्या चढताना माझ्या सुनेच्या तोंडून तो शब्द निघेल की नाही, हे मला माहीत नव्हतं.

वाशीमच्या कोर्टात त्या दिवशी अर्धं गाव आलं होतं. जानराव पुढच्या बाकावर. मागे भिंतीला टेकून खाली सोनीबाई बसली होती, तिच्या हातातले बलोते, तो हातभर चुडा, उतरवलेले, मनगटं पांढरी पडलेली. गावातून चालत आली होती. प्रत्येक तारखेला येते म्हणाले. कोणाशी बोलत नव्हती, नुसती तोंडं बघत होती, एकेकाचं, सावकाश.

मॅजिस्ट्रेटसाहेब म्हातारे, आपल्याच मुलखातले. रुख्मिणीला पिंजऱ्यात उभं केलं. आमच्या वकिलांचं तोंड आंबट झालेलं, मी साक्षीदार नाकारल्यापासून ते माझ्याशी धड बोलत नव्हते. त्यांनी विचारलं, आरोपी त्या सांजेला कुठे होता?

"घरी होते."

"काय करत होता?"

रुख्मिणीने पदर पुढे ओढला. "दळत होते."

साहेबांनी वर बघितलं. "कोण दळत होतं?"

"दोघं. मले झेपत नव्हतं. त्याईनं खुंटा धरला."

कोर्टात खसखस पिकली. मागून कोणीतरी म्हणालं, "बापा बापा!" शिपाई ओरडला. मी सोमाजीकडे बघितलं. तो गजांना धरून उभा होता आणि खाली फरशीकडे बघत होता, कान लाल. हेमलाच्या खुनाबद्दल विचारत होते तेव्हा ह्याची मान वर होती, हे मी पाहिलं होतं. साहेबांनीही पाहिलं असावं, कारण ते बराच वेळ त्याच्याकडेच बघत होते.

सरकारी वकील उठले. उंच, गोरे, आवाज खणखणीत.

"तुझी जबानी म्हणते, शनिवारी घरी होता."

"म्या शनिवार नाही म्हटलं."

"मग कोणता वार?"

रुख्मिणी गप्प.

"कोणता वार होता, बाई?"

तिचे ओठ हलले, आवाज नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, हो, सांग. तिने सोमाजीकडे बघितलं आणि लगेच डोळे खाली घेतले.

सरकारी वकील साहेबांकडे वळले. "हुजूर, नोंद घ्यावी. साक्षीदार वार सांगायला कचरते आहे. जात्याची गोष्ट पाठ करून आणली, वार पाठ करायचा राहिला."

मी उभी राहिले. "अहो वकीलसाहेब, तिच्या नवऱ्याचं—"

"बसा खाली!" शिपाई माझ्यावर धावला. "बाहेर काढीन."

बसले. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून गप्प बसले. रुख्मिणीच्या हनुवटीवरून घाम टपकत होता. साहेबांनी टाक उचलला. आता ते लिहिणार आणि संपणार, असं मला दिसत होतं.

तेव्हा भिंतीजवळून आवाज आला. खरखरीत, बरेच दिवस न वापरलेला.

"सांग वो बाई."

सोनीबाई बसल्या जागेवरून बोलत होती.

"सांग. म्या बी घेतलं नव्हतं त्याईचं नाव. लग्न झालं तवापासून एक डाव बी नाही. तरी गेले ते. नाव घेतल्यानं जात असते, तर माहे राह्यले असते."

शिपाई तिच्याकडे निघाला, पण साहेबांनी हात वर केला आणि तो थांबला.

रुख्मिणी सोनीबाईकडे बघत होती. मग तिने दोन्ही हात कठड्यावर ठेवले, डोळे मिटले आणि म्हणाली, "सोमवार."

एवढंच. मला तो शब्द खूप मोठ्याने ऐकू आला. सोमाजीने चटकन मान वर केली, कोणी हाक मारल्यासारखी.

साहेबांनी कागद उलटला आणि आरोपीचं नाव बघितलं. टाक खाली ठेवला. जमादाराला पुढे बोलावून विचारलं, "ही शनिवार म्हणाली होती? हाच शब्द?"

"आइतवारच्या मागचा म्हणाली साहेब. मागचा म्हणजे आधीचा."

"आमच्याकडे मागून येतो त्याला पण मागचाच म्हणतात," साहेब म्हणाले. "जे म्हणते तेच लिहीत चला जमादार. अर्थ आम्ही काढू."

नंतर रंगूबाईची साक्ष झाली. तिला विचारलं त्याहून तिने तिप्पट सांगितलं, तरी जातं, न ऐकू आलेली ओवी, पुरुषाचं हसणं आणि जानरावाकडून उठलेली बोंब, हे सगळं त्यात आलं. उलट तपासात सरकारी वकिलांनी विचारलं, हसणारा सोमाजीच कशावरून? ती म्हणाली, "साहेब, त्याच्या लहानपनापासून ते रेडं हासनं ऐकून राह्यली मी. चुकन का?"

साहेबांनी केस अकोल्याला पाठवली नाही. पुरावा नाही म्हणून सोमाजीला तिथेच सोडलं. सांगताना ते एक वाक्य बोलले ते माझ्या ध्यानात आहे. म्हणाले, खोटं रचणारा माणूस स्वतःला पारावर बसवतो, देवळात बसवतो, जात्यावर बसवत नाही.

आमच्या वकिलांनी माझ्याकडे बघितलं नाही. बरं केलं.

बाहेर फाटकापाशी जानरावाच्या सोबतचा एक जण मोठ्याने म्हणाला, "काय गा सोमाजी, आमचंबी पायलीभर दळून दे ना!"

सोमाजी थांबला. मी म्हटलं, "आन रे बाप्पा, घेऊन ये. पन तुह्या घरी दळायले कोनी राह्यलं नाही वाटते? पळून गेली का?" तो गर्दीत कुठे गेला, दिसला नाही.

गाडी जुंपेपर्यंत ऊन कललं होतं. रुख्मिणी चाकाला धरून उभी होती, रंग उतरलेला. सोमाजी तिच्यापासून चार हात लांब उभा. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते, पण एकमेकांना सोडून दुसरीकडेही कुठे बघत नव्हते.

सोनीबाई आली आणि रुख्मिणीच्या समोर उभी राहिली.

"खरं सांग पोरी. आता साहेब नाही इथं. होते का ते घरी?"

"होते," रुख्मिणी म्हणाली. "माह्या पोटच्याची आन."

सोनीबाईने तिच्या पोटाकडे पाहिलं आणि मान हलवली. पटलं तिला, मी बघत होते. मग ती माझ्याकडे वळली.

"तुमचा घरी होता, बाई. बरं झालं. मंग आमच्याले कोनं जाळलं?"

माझ्याजवळ सगळ्यांसाठी उत्तर असतं. गावात विचारा. त्या वेळी मी बैलांकडे बघितलं, रस्त्याकडे बघितलं. हेमलाच्याच चिलमीची ठिणगी पडली, की कोणी खरंच काडी लावली, हे तेव्हा कळलं नाही आणि आजवर कळलेलं नाही. सोमाजी सापडला म्हणून पोलिसांनी दुसरीकडे पाहिलं नव्हतं, आणि तो सुटल्यावर तर पाहणारच नव्हते.

जानरावाची बैलांची दमणी केव्हाच निघून गेली होती. आपल्या राखणदाराच्या बायकोला चालत सोडून.

मी म्हटलं, "गाडीत बैस."

"जाईन मी चालत."

"बैस म्हटलं ना."

ती मागच्या बाजूला रुख्मिणीजवळ बसली. सोमाजी चढला नाही. कासरा हातात घेऊन बैलांच्या बाजूने चालू लागला. वाशीमची शीव ओलांडल्यावर सोनीबाई आपणहून त्या सोमवारचं सांगू लागली, कोणाला असं नाही, समोर बघत. त्या सकाळी त्यांनी कण्या पिल्या, अर्ध्याच. ताप होता तरी बकरीचं करडू खांद्यावर घेऊन तांड्याभर फिरवलं. दुपारी म्हणाले, घोंगडीला ठिगळ लाव, मी म्हटलं उद्या लावते. निघताना चपलेचा अंगठा तुटला, तर सुतळीने बांधला. दोन गाठी मारल्या. त्या दिवसातलं काहीही ती विसरली नव्हती.

सोमाजीने कासरा ओढून बैल हळू केले, म्हणजे चाकांच्या आवाजात तिचं बोलणं हरवू नये.